ऊद, दगडफूल आणि अंबर

एकत्र कुटुंबांत पुष्कळ वस्तु एकेकट्याच्या मालकीच्या असूं शकतात. चष्मा, काठी, पानाचा डबा, जपाची माळ, आणि आजकाल ज्याचा त्याचा मोबाईल फोनसुद्धां. सुगंध मात्र कोणा एकट्याचा राहूं शकत नाहीं. माजघरांत एकानें अत्तर लावलें कीं तें ओटीवर बसलेल्यालाही लागतें, स्वयंपाकघरांतल्या फोडणींत मिसळतें, देवघरांतल्या धुपाशीं भांडतें, आणि निजावयाच्या वेळीं शेजारच्या पांघरुणांतही शिरतें. इतकीं वर्षें दिवाळीची अत्तरदाणी आमच्या हातीं असूनही ह्या साध्या गोष्टीचा विचार आम्हीं कधीं केला नव्हता. तो गेल्या दिवाळींत करावा लागला, आणि त्याला कारण झाली मस्कतहून आलेली एक लहानशी बाटली.

आमचें मूळ घर जव्हारास. समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवरील ह्या गांवीं आश्विन सरतां सरतां पहांटेस चांगला गारवा पडूं लागतो. पूर्वेस मोखाड्याकडे, सूर्यमाळच्या बाजूस गेलें तर तो अधिकच बोंचतो. पुतणे, सुना, नातवंडें वर्षभर ठाणें, पुणें, नाशिक अशीं विखुरलेलीं असतात. दिवाळीस मात्र सारीं घरीं जमतात. बंब पेटतो, गव्हला-कचोऱ्याचें उटणें कालविलें जातें, आणि अभ्यंगस्नानें आटोपलीं कीं चांदीची अत्तरदाणी बाहेर निघते. आमची मुंज झाली त्या वर्षीं वडिलांनीं ती प्रथम आमच्या हातीं दिली, आणि तेव्हांपासून ती फिरविण्याचा मान आमच्याकडेच आहे.

अत्तरदाणींत दिवाळीला हिना. उन्हाळ्यांत वाळा नाहींतर मोगरा आणि थंडींत हिना, हा आमच्या घरचा जुना नेम. मोगऱ्याची तर आतां आमच्या भागांत वाण नाहीं. जव्हार, मोखाडा, विक्रमगड ह्या तालुक्यांतील आदिवासी शेतकऱ्यांनीं बायफसारख्या संस्थांच्या साह्यानें, आंबा-काजूच्या वाड्यांबरोबर मोगराही लावला आहे, आणि पहांटे खुडलेल्या मिटल्या कळ्या तेथून दादरच्या फूलबाजारांत जातात. परंतु मोगरा पडला उन्हाळ्याचा. थंडीला ऊब देणारा गंध हवा, म्हणून हिना. हें अत्तर केवळ मेंदीच्या फुलांचें असतें असा पुष्कळांचा समज आहे. पण कनोजास शमामा-हिना म्हणून जें अत्तर होतें त्यांत नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, वेलदोडे, लवंगा अशा कितीतरी वनस्पति आणि मसाले देगेंत शिजवून त्यांचा अर्क चंदनाच्या तेलावर उतरवितात. त्याचा रंग गडद, आणि वास एकदां लागला कीं दोन दिवस न जाणारा.

गेल्या दिवाळींत आमचा धाकटा पुतण्या मस्कतहून आला, तो 'अंबर' नांवाची एक बाटली घेऊन. नरकचतुर्दशीच्या पहांटे मुलांनीं ती उघडली आणि, तरुणपणाच्या औदार्यानें, एकमेकांच्या अंगावर यथेच्छ फवारली. क्षणभर संत्र्याच्या सालीचा तरतरीत वास आला, तो लगेच विरला. आणि मग त्याच्या मागून एक दाट, गोडसर, मसालेदार ऊब हळूहळू साऱ्या ओटीवर पसरली. आमचे थोरले बंधु दम्याचे रोगी. त्यांनीं उपरणें नाकाला लावलें आणि अंगणाची वाट धरली. आम्हांसही ती दाटी कांहींशी असह्य झाली, आणि "हा असला परदेशी प्रकार आपल्या सणाला शोभत नाहीं" असें आम्ही बोलून गेलों.

आमच्या काकू त्या वेळीं नेहमींप्रमाणें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसल्या होत्या. वय शहाऐंशी. गारठा बाधूं नये म्हणून पुतण्याच्या पत्नीनें स्वतःच्या अंगावरची लोकरी शाल काढून त्यांच्या खांद्यांवर घातली. शालीचा पदर नाकाशीं आला तशा काकू थांबल्या. त्यांनीं पुन्हां एकदां वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ह्यांत ऊद आहे."

मुलें हंसलीं. "आजी, परदेशी अत्तर आहे तें. त्यांत ऊद कुठून येणार?"

"असेल परदेशी. पण ऊद आहे. लवंग आहे. आणि एक आहे दगडफुलासारखं."

पुतण्यानें गंमत म्हणून खोका आणि त्यांतील माहितीची चिठ्ठी आणून वाचावयास घेतली. पहिलेंच नांव निघालें बेंझॉइन. हें दुसरें तिसरें कांहीं नसून आपला ऊद. सुमात्रा, सयाम ह्या भागांतील झाडांचा हा चीक; अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी', म्हणजे जावाचा धूप म्हणत, आणि त्या नांवाचा अपभ्रंश होत होत युरोपांत बेंझॉइन झालें. (हल्लीं अत्तराच्या दुकानांत 'ऊद' म्हणून जें विकतात तें अरबी अर्थानें अगरूचें लांकूड होय, आपल्या घरांत निखाऱ्यावर पडतो तो ऊद वेगळा.) पुढें खोक्यावर 'युजेनॉल' असें नांव होतें, लवंगेला लवंगेचा वास ज्या द्रव्यानें येतो तें हें. आणि सर्वांत शेवटीं होतें ओकमॉस. ओकमॉस ही युरोपांतील ओक वृक्षांच्या सालीवर वाढणारी एक दगडफुलाच्या जातीची वनस्पति आहे, बुरशी आणि शैवाल ह्यांच्या संसारांतून झालेली. ज्या गोड्या मसाल्यावांचून आपली आमटी होत नाहीं त्यांतलें दगडफूल तिच्याच गोतांतलें. काकूंची तिन्हीं उत्तरें बरोबर आलीं होतीं, आणि तीं केवळ शालीचा पदर हुंगून.

आम्हांस त्यानंतर राहवलें नाहीं. अंबर म्हणजे नेमकें काय, ह्याचा आम्हीं शोध घेतला. ह्या एका शब्दाखालीं तीन निरनिराळ्या वस्तूंची गल्लत होते. पहिला अंबर समुद्राचा. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आंतड्यांत बनणारा आणि लाटांवर तरंगत किनाऱ्यास लागणारा हा मेणासारखा पदार्थ. वर्तमानपत्रें त्याला देवमाशाची उलटी म्हणतात. अरबी शब्द मूळचा ह्याचाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्याचा व्यापार आपल्या देशांत गुन्हा ठरतो. दुसरा अंबर भूमीचा : लक्षावधि वर्षांपूर्वींच्या वृक्षांची दगड होऊन बसलेली राळ. तिचे मणी होतात, पण अंगाला लावावा असा गंध तिला नाहीं. तिसरा अंबर अत्तरवाल्यांचा, आणि तो एक पदार्थच नव्हे; तो पाक आहे. भूमध्य समुद्राकांठच्या सिस्टस नांवाच्या झुडपाचा चिकट डिंक, जो पूर्वीं त्या झुडपांत चरणाऱ्या शेळ्यांच्या दाढ्यांतूनसुद्धां काढून घेत, त्यांत ऊद आणि व्हॅनिला मिळविले कीं हा अंबर सिद्ध होतो. व्हॅनिलाच्या शेंगेंतील गंधद्रव्य १८७४ सालीं टीमन आणि हारमन ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं कृत्रिम रीतीनें तयार केलें, आणि त्यानंतर असलीं अत्तरें करणें सोपें झालें. ह्या वर्गांतील सर्वांत गाजलेलें पॅरिसचें अत्तर १९२५ सालीं बाजारांत आलें. त्याचें नांव 'शालिमार', आपल्याकडील मोंगल बागेवरून ठेविलेलें. हा सारा वर्ग पाश्चात्य लोक कित्येक वर्षें 'ओरिएंटल', म्हणजे पौर्वात्य, ह्या नांवानें ओळखत. सुगंधांचें वर्गीकरण करणारे मायकेल एडवर्ड्स ह्यांनीं २०२१ सालीं तें नांव टाकून 'अंबर' हें नांव स्वीकारलें. म्हणजे युरोपास जो वास पूर्वेचा वाटला, तोच आम्हीं जव्हारच्या ओटीवर बसून परदेशी ठरविला होता!

ह्या विषयाचें ज्ञान आपल्याकडे नवीन नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत 'गंधयुक्ति' असा स्वतंत्र अध्यायच लिहिला असून सोळा द्रव्यांतून चार चार घेतल्यास १८२० मिश्रणें होतात असा हिशेब त्यांत केला आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर ह्यानें मानसोल्लासांत स्नान आणि विलेपन ह्यांचें सविस्तर वर्णन केलें. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील प. कृ. गोडे ह्यांनीं १९४५ च्या सुमारास गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याबरोबरचा 'गंधवाद' हे अज्ञात ग्रंथ उजेडांत आणले. 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे! कोणत्या वस्तूचा कोणता वास, ती कशी कुटावी, कशांत भिजवावी, हें कित्येक शतकांपूर्वीं कोणीतरी आपल्या भाषेंत समजावून सांगत होतें.

तें शास्त्र पोथ्यांत राहिलें असें आम्ही समजत होतों. वास्तविक तें स्वयंपाकघरांत होतें. काकू ह्या घरांत आल्यापासून गोडा मसाला त्यांनींच भाजला. दगडफूल किती वेळ परतावें आणि नागकेशर केव्हां टाकावें हें त्यांनीं कधीं घड्याळ पाहून ठरविलें नाहीं. वास पाहून ठरविलें. तिन्हींसांजेला निखाऱ्यावर ऊद त्याच घालीत. दिवाळीचें उटणें त्यांच्या हातचें. घरांतल्या प्रत्येक बाळंतिणीची शेगडी त्यांनीं सांभाळली, आणि आम्हां सर्वांची टाळू त्यांच्याच हातानें धुरावली गेली. (आतां वैद्य आणि डॉक्टर तान्ह्या मुलांना धुराजवळ नेऊं नये असें सांगतात, आणि तें ऐकण्याजोगें आहे.) ज्या सुगंधांनीं हें घर घर वाटतें ते सारे ज्यांनीं केले, त्यांच्यापुढें आमची अत्तरदाणी चाळीस दिवाळ्या थांबली नव्हती.

हें आम्हीं कोणाच्या आज्ञेनें केलें असेंही नाहीं. काका १९८४ सालीं वारले. त्या वर्षींच्या दिवाळींत संवयीनें आम्ही अत्तरदाणी घेऊन काकूंपुढें गेलों, तों त्यांनीं स्वतःच हात मागें घेतला. आम्ही क्षणभर घुटमळलों आणि पुढें सरकलों. दुसऱ्या वर्षीं घुटमळलों नाहीं. तिसऱ्या वर्षापासून आमची वाटच बदलली : ओटी, माजघर, सवाष्णी, मुलें, आणि तेथून परत देवघर. एकदां मागें घेतलेला हात आम्हीं नियम म्हणून स्वीकारला, आणि त्या हाताला पुन्हां कधीं विचारलें नाहीं.

आमचें घर सुशिक्षित म्हणविणारें आहे. महर्षि कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांच्या शिक्षणासाठीं संस्था काढली, तिला पुढें आमच्या आजोबांनीं वर्गणी पाठविल्याचें आम्ही अभिमानानें सांगतों. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें ४ मे २०२२ रोजीं विधवांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गांवांनींही त्याचें अनुकरण करावें असें परिपत्रक राज्य शासनानें त्याच महिन्यांत काढलें. ती बातमी आम्हीं ओटीवर बसून मोठ्यानें वाचून दाखविली होती. काकूंनीं ती स्वयंपाकघरांतून ऐकली असणार. त्याच वर्षीं दिवाळी आली, आणि अत्तरदाणी आपल्या नेहमींच्या वाटेनें गेली. मोठमोठ्या रूढींवर बोलणारीं माणसें फायाएवढ्या रूढीपाशीं अडखळतात तीं बहुधा अशीं. दुष्टपणा त्यांत नसतो, पण विचारही नसतो.

भाऊबीजेच्या दिवशीं आम्हीं धीर केला. अत्तरदाणी घेऊन थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं गेलों आणि काकूंपुढें बसलों. सारें घर एकाएकीं गप्प झालें. काकूंनीं आमच्याकडे पाहिलें, अत्तरदाणीकडे पाहिलें, आणि त्या म्हणाल्या, "हा हिना ना? नको रे बाबा. माझं डोकं चढतं ह्यानं. पहिल्यापासून चढायचं. ह्यांना आवडायचा म्हणून लावून घ्यायची."

आम्हांस काय बोलावें तें सुचेना. "म्हणून तुम्हीं त्या वर्षीं हात मागें घेतलात?" असें आम्हीं कसेंबसें विचारलें.

"नाहीं. तो कां घेतला तें तुलाही ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षीं विचारलं असतंस, तर हिना नको, मोगरा दे, असं सांगितलं असतं."

आणि मग पुतण्याच्या पत्नीकडे वळून त्यांनीं आपण होऊन मनगट पुढें केलें. "तुझ्या त्या शालीवरचं आण. थोडंच लाव. परवां तुम्हां मुलांनीं नुसता धुडगूस घातलात."

तिनें एकच फवारा दिला. काकूंनीं मनगट लगेच नाकाशीं नेलें नाहीं. थोडा वेळ तसेंच मांडीवर ठेविलें, संत्र्याची साल विरूं दिली, आणि नंतर हुंगलें. अत्तर कसें पाहावें हें त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें, पण जाणते लोक असेंच पाहतात. हलकीं द्रव्यें आधीं उडून जातात. ऊद, डिंक, व्हॅनिला ह्यांसारखीं जड द्रव्यें अंगाच्या उबेनें सावकाश सुटत राहतात. म्हणूनच असलें अत्तर थंडींत शोभतें आणि वैशाखांत नकोसें होतें. लोकरींत तर तें कित्येक दिवस टिकतें.

ह्या प्रसंगावरून आमच्या घरीं अत्तराविषयीं कांहीं नेम ठरले, ते वाचक कुटुंबांसही उपयोगी पडतील. पहिला असा कीं, उष्ण, मसालेदार अत्तर एक-दोन फवाऱ्यांहून अधिक लावूं नये, आणि तेंही घराबाहेर पडण्यापूर्वीं घटकाभर आधीं. लावणाऱ्याचें नाक थोड्याच वेळांत त्या वासाला सरावतें, आणि अत्तर उडून गेलें असें वाटून तो पुन्हां लावतो. शेजारी बसलेल्याच्या नाकाला मात्र पहिलें आणि दुसरें दोन्हीं लागतात. आपल्या अत्तराचें माप दुसऱ्याला विचारावें, तें ह्याचसाठीं. दुसरा नेम असा कीं, दम्याचें माणूस, तान्हें मूल आणि गरोदर स्त्री ज्या खोलींत असेल तेथें फवारा उडवूं नये. आमचे बंधु आतां खुशाल ओटीवर बसतात, कारण मुलें अंगणांत जाऊन अत्तर लावतात. तिसरा नेम दिवाळीच्या दिवसांत विशेष महत्त्वाचा : फवाऱ्याच्या अत्तरांत मद्यार्क असतो आणि तो पेट घेतो, पणत्या, समया, फुलबाज्या जवळ असतां बाटली उघडूं नये. चौथा असा कीं रेशमी वस्त्रांवर आणि मोत्यांवर तें उडवूं नये. वस्त्राला डाग पडतो आणि मोत्याचें पाणी उतरतें. पानावर बसतांनाही तें नको. वरणभाताचा वास वरणभातालाच असूं द्यावा.

पांचवा नेम पुस्तकांत सांपडणार नाहीं. अत्तरदाणी फिरविणाऱ्यानें घरांतील प्रत्येक माणसापुढें थांबावें आणि विचारावें. घेणें न घेणें ज्याचें त्याच्याकडे. परंतु विचारणें दरवर्षीं नव्यानें झालें पाहिजे. गेल्या वर्षींचें उत्तर ह्या वर्षीं चालत नाहीं, आणि चाळीस वर्षांपूर्वींचें तर मुळींच नाहीं.

दिवाळी संपली, मुलें आपापल्या गांवीं गेलीं. ती शाल मात्र पुतण्याच्या पत्नीनें काकूंकडेच ठेविली. परवां पेटी उघडली तेव्हां तिच्या घडींतून अजून ऊद आणि लवंग ह्यांचा मंद वास येत होता. काकूंनीं ती पांघरली आणि त्या गोडा मसाला भाजावयास बसल्या. दगडफूल कढईंत पडलें तेव्हां शालीचा वास कोठें संपला आणि मसाल्याचा कोठें सुरू झाला हें आम्हांस सांगतां आलें नसतें. काकूंना मात्र सांगतां आलें असतें. आम्हीं विचारलें, आणि त्यांनीं सांगितलेंही.